फुग्यातल्या गॅसचं पानी

…बघितला, शेठ, गाळा बघितला, आता तो मोबाइल खाली ठेवा, माझ्या डोळ्यांना जवळचं दिसत नाय — शटर दिसलं, टाइल्स दिसल्या, वरचा बोर्ड पन दिसला, तुमीच वाचून दाखवलात, ‘उन्नती सायन्स क्लासेस, आठवी ते बारावी’, आन बाजूला तुमचा फोटो, हात जोडून. चांगला आलाय फोटो. शिकवनार सून आन फोटो सासऱ्याचा — बरोबर हाय, गाळा तुमचा म्हंजे डोकं पन तुमचंच. रागावू नका, मी कौतुक करते. सून दारात यायच्या आधी सुनेला दुकान काढून देनारा सासरा अख्ख्या ठाने-बेलापूर पट्ट्यात दुसरा सापडायचा नाय. तुमच्याकडे गाळे हायत ना, मंग तुमाला मानूस दिसला की त्याच्या कपाळावर शटर दिसतं. व्यायाम करनारा दिसला — गाळा. दात काढनारा दिसला — गाळा. माझी नात इतकी वर्षं डोकं फोडून पीएचडीचं शिकली, तर तिला पन काय? गाळा. कोपऱ्याचा. पार्किंगसकट.

बसा, उठता कशाला, चहा टाकते. मीच टाकते, दुसरं कोन हाय घरात? मुलगा तळोज्याला कंपनीत, वरच्या खोल्यांत भाडेकरू, आन उन्नती गेलीय कॉलेजात, दिवेलागनीच्या आत येते. तुमी आज मुद्दाम ती नसताना आलात ते मला कळलं, शेठ. तिच्यासमोर विचारायला तुमाला अडचन होते — इंग्रजीत उत्तर देईल म्हनून. नाय देत. मराठीतच देते, पन ते मराठी पन तुमाला कळनार नाय, म्हनून माझ्याकडे आलात. चांगलं केलंत. आज रात्रीपर्यंत तिला त्या फिनलंडवाल्यांना हो का नाय ते कळवायचंय, तीन वर्षं तिथल्या कॉलेजात जाऊन पुढचं शिकायचं की नाय ते. आन तुमाला आजच साखरपुड्याची तारीख पायजे, वैशाखात लगीन पायजे, नायतर दुसरी स्थळं रांगेत उभी हायत म्हने. दोन्हीकडून मान माझीच अडकली. पोरगी बोलली, ‘आजी, तू सांगशील ते.’ तुमी बोलता, ‘काशीमावशी, तुमी शब्द दिलाय.’ दिलाय की. मीच आली होती तुमच्या दारात स्थळ घेऊन, घनसोलीतून तळवलीत, चालत. म्हंजे अंतर मोजून बघितलं मी, खोटं कशाला बोलू — भाकरी तव्यावरून उतरवून निघाली तर पोचेपर्यंत ऊन राहील का, हेच बघत आली.

आता तुमी विचारता पोरगी नक्की शिकते काय, आन ते गाळ्यात बसून का करता येत नाय. विचारलंत ते बरं केलं. तारीख काढायच्या दिवशी का होईना, विचारलंत. गाडी घेताना आधी अॅव्हरेज विचारता, सुनेचं शेवटी विचारलं तरी चालतं.

पान्याचा अभ्यास करते ती. नळाचं नाय हो. हसू नका, ऐका. तुमच्या नातवाच्या वाढदिवसाला ते फुगे छताला जाऊन चिकटलेले, आठवतात? त्यातला गॅस — हेलियम. आमी सगळे खाली केक खात होतो आन उन्नती वर फुग्यांकडे बघत बसलेली, तुमची यशोदाबाई माझ्या कानात बोलली, ‘पोरगी अशी शून्यात का बघते?’ शून्यात नव्हती बघत, अभ्यास करत होती. तर तो गॅस गार करत न्यायचा. किती गार? तुमी एसी सोळावर लावून अंगावर चादर घेता तसला गार नाय. बर्फ त्याच्यासमोर पेटलेली चूल वाटेल एवढा गार. थंडीला खाली तळ असतो, शेठ, तुमाला म्हाईत होतं? मला नव्हतं. उन्हाळा कितीही वाढू शकतो, पन थंडी एका जागी संपते, त्याच्या खाली जायला जागाच नाय. त्या तळाच्या जरा वर आलं की गॅसचं पानी होतं. पान्यासारखंच, भांड्यात बसतं, उकळतं. आन अजून जरा खाली नेलं की ते पानी एकदम बदलतं. दिसतं तसंच, पन लक्षनं बदलतात. लग्नानंतर काही पोरं बदलतात तसं.

काय लक्षनं? सांगते ना. पहिलं म्हंजे ते कशालाच चिकटत नाय, घासत नाय. काल ज्या भांड्यात गुमान बसलेलं, त्याच भांड्यातून आज गळतं — भोक नाय, चीर दिसत नाय, तरी गळतं. इतक्या बारीक फटीतून जातं की जिथून वारा पन जाताना विचार करेल. तुमाला यात काय नवीन वाटनार नाय, मला म्हाईत हाय, तुमच्या तळवलीच्या बिल्डिंगीत साधं पानीच तसं वागतं — तिसऱ्या माळ्यावर अंघोळ केली की पहिल्या माळ्यावरचा कपडे वाळवायचे थांबवतो. पन तिथं सिमेंट कमी पडलं म्हनून, आन इथं पान्याचा गुन म्हनून, एवढाच फरक. आन त्या पान्यात वाटी बुडवून भरून वर टांगली ना, तर ते वाटीच्या आतल्या बाजूने पातळ सायीसारखं वर चढतं, काठावरून उतरतं, बाहेरच्या बाजूने खाली येतं आन बुडाशी थेंब थेंब गळून खाली जातं, वाटी रिकामी होईपर्यंत. कोनी ढकललं नाय, कोनी ओढलं नाय. गोल नळीत एकदा फिरवून दिलं तर फिरतच राहतं, आपन जाऊन लगीन लावून जेवून परत यावं, तरी फिरतंय. आन बादली गोल फिरवली तर आपलं पानी कसं बादलीबरोबर फिरायला लागतं? हे लागत नाय. बादली आपली फिरते, हे आपलं उभं. फारच जोरात फिरवली तर मंग आत छोटे छोटे भोवरे उठतात, उभे, दोऱ्यासारखे, आन सगळे भोवरे एकाच मापाचे — एक मोठा एक बारीक असं नाय, मापाचा अर्धा भोवरा मागितला तर मिळत नाय. तुमी एकाच प्लॅनचे फ्लॅट बांधलेत, त्यांत कुठं दोन सारख्या मापाचे निघाले? म्हनून तुमाला सांगते, अशी एकेक नवलाची गोष्ट.

उपयोग? हां, आलाच तुमचा उपयोग. मी म्हनतच होती अजून कसा नाय आला. मोठ्या मशिनी गार ठेवायला तो गॅस लागतो, दवाखान्यात डोक्याचे फोटो काढतात त्याला लागतो, ते सगळं हाय, पन ती त्यातलं काय करत नाय. ती फक्त विचार करते. आता बोला. उपयोग बघायला गेलं तर माझा तरी काय उपयोग? अक्षर एक येत नाय मला, आन मांडव घालन्यापासून पाठवनीपर्यंत अख्खं लगीन गाऊन लावते — आपल्या आगऱ्यांत भटजी यायच्या आधीपासून धवलारीनच लगीन लावायची, धवले गाऊन, आन तुमचं लगीन पन मीच लावलंय. तुमच्या मोठ्याच्या हळदीला तुमी मला मान दिलात, माइक दिलात, आन मी तोंड उघडेपर्यंत त्या डीजेवाल्याने वायर काढून घेतली. मी तशीच गायली. बिनवायरची. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना ऐकू आलं, बाकीचे नाचत होते. उपयोग काहीच नव्हता. पन तुमच्याच आईने मला सांगून पाठवलेलं की काशी गायल्याशिवाय नवऱ्याला हळद लावायची नाय. का पाठवलेलं, ते तिला विचारायला पायजे होतं तुमी.

आता खरी गंमत ऐका, जिथं माझ्या नातीचं डोकं अडकलंय ती. घ्या, चहा घ्या, साखर कमी हाय, तुमची शुगर म्हाईत हाय मला. तर त्या गार पान्यात पातळ चकत्यांची चळत टांगायची, एकावर एक, मध्ये जराशी जागा ठेवून, आन हळूच झुलवायची, अशी, उलट-सुलट. तर काय होतं, थोडं पानी चकत्यांना धरून त्यांच्याबरोबर हलतं, आन बाकीचं जागच्या जागी, त्याला पत्ताच नाय कोन झुलतंय. तेच पानी बारीक फटीत सोडलं, तर धरनारं मागं राहतं आन न धरनारं सुळकन पार. म्हंजे एका भांड्यात दोन पानी झाली. एक आपल्या नेहमीच्या पान्यासारखं, चिकटनारं, अंगावर ऊब घेऊन फिरनारं. दुसरं कशाला न चिकटनारं, ऊब बाळगतच नाय. एक उजवीकडे निघालं तर दुसरं डावीकडे जातं, त्याच जागेतून, एकमेकांच्या पोटातून, आन धक्का नाय लागत — हळू असतील तर. शानी मानसं होऊन गेली त्यांनी दोघांचं वेगवेगळं गनित मांडलं. गनित बरोबर आलं. पुस्तकात छापलं, पोरांनी पाठ केलं, सगळे खूश.

खूश नाय ती आमचीच एकटी. मला बोलते, ‘आजी, दोन पाणी आहेतच कुठे? एक थेंब काढून दाखव की हा या पाण्याचा आणि हा त्या पाण्याचा. सगळे कण एकसारखे आहेत, एकाचं दुसऱ्यापासून काही वेगळं नाही. मग दोन कशाला म्हणायचं?’ मी बोलली, बाय, गनित बरोबर येतंय ना? बोलली, येतंय. मंग झालं तर! तर माझ्याकडे अशी बघितली, जशी मी तिच्या ताटात मीठ सांडलं — ‘झालं कसं, आजी? कशाचं गणित करतोय ते कळायला नको का?’

ही आमची पोरगी. बिल्डिंग उभी हाय, लोक राहतायत, पंखे फिरतायत, आन ही तळघरात जाऊन खांबाला बोट लावून विचारते की बाबा तू नक्की कशावर उभा हायस. असली सून तुमाला परवडेल का, शेठ? तुमच्या धंद्यात? बघा हं, मी आपलं विचारून ठेवते. पाया बघायची खोड हाय तिला, आन तुमची तीन कामं चालू हायत.

मला पन काय कळत नव्हतं. मंग एकदा मांडवातून आली मी, घसा बसलेला, आन ती परत तेच घेऊन बसली, तेव्हा मी तिला बोलली — हे बघ, मांडवात बाया बसतात. मी धवला धरते, त्या मागून उचलतात. सगळा मांडव एका सुरात. आन त्याच वेळी चुळबुळ पन चालू असते — कोनी पोराला चापट मारते, कोनी पदर सावरते, कोनी शेजारनीच्या बांगड्या बघते. बाहेरून बघनारा बोलेल, इथं दोन मांडव हायत, एक गानारा, एक चुळबुळनारा. पन तू मला दाखव, कुठली बाई गान्याची आन कुठली चुळबुळीची? शकुबाई गाते पन आन नातवाला चापट पन मारते, एकाच तोंडाने, एकाच हाताने. दोन मांडव नाय, दोन चाली.  मला वाटलं आता ही उठून माझ्या पाया पडते. उठली, आन बोलली, ‘आजी, जवळ आलीस. खूप जवळ आलीस. ऊब म्हणजे ती चुळबुळच, तळाशी गेलं की चुळबुळ संपते आणि सगळंच न चिकटणारं होतं. पण तू पुढे घसरलीस. तुझ्या बाया दमतात, हे दमत नाही. आणि तुझ्या मांडवात पुढे तू असतेस. तू सूर देतेस म्हणून त्या घेतात. इथे पुढे गाणारं कोणी नाही. कोणी सूर देत नाही, तरी सगळे एका सुरात येतात. ते कसं, आणि त्याला खरं म्हणायचं की नुसती आपल्या बोलण्याची सोय, तिथे मी अडकलेय.’

मला लागलं ते. जन्म गेला माझा पुढं गान्यात. पोरगी सरळ तोंडावर सांगते की आजी, असा पन मांडव असतो जिथं तू नाय आन तुझ्यावाचून कायसुद्धा अडत नाय. मी बोलली, असला मांडव बघितलास का कुठं? तर बोलली, ‘एकदा.’

ते सांगितलं नाय तुमाला. इतकी वर्षं ज्याचं ती गनित करते, ते पानी तिने एकदाच बघितलंय, शेठ. कागदावर करनाऱ्यांना कोन हात लावू देतं? त्यांना फक्त कागद. मुंबईला मोठ्या ठिकानी कोनीतरी ओळखीच्याने नेलं, काचेच्या भांड्यावर चकचकीत मुलामा असतो, त्यात बघन्यापुरती उभी फट कोरी ठेवलेली, त्या फटीला डोळा लावून बघायचं. घरी आली ती चपला न काढता सरळ आत शेगडीपाशी. मी आधन ठेवलेलं. आधनाकडे बोट करून बोलली, ‘आजी, असंच उकळत होतं. बुडबुडे, खळबळ, सगळं. आणि एकदम थांबलं. कोणी बंद केलं नाही. कोणी हात लावला नाही. गप्प झालं, आरशासारखं.’ मी बोलली, मंग ऊब गेली कुठं? तर हसायला लागली, बोलली, ‘तू बरोबर विचारलंस, कुठेच साठत नाही ती, आत इतकी भरभर पळते की बुडबुडा धरायला कुठल्या जागेला वेळच मिळत नाही, सगळं वरच्या वर उडून जातं.’ आन मंग तिने माझं आधन बंद केलं आन भांड्यात बघत उभी राहिली. चहाची पूड माझ्या हातात तशीच.

मी चेहरे बघते, शेठ. धवलारीनीचं काम तेच — तोंड गात असतं, डोळे नवरीवर. हळद लावताना कळतं सगळं. घाबरलीय का, रात्रभर रडून आलीय का, मनात दुसरं कोन हाय का. तुमच्या लग्नात तुमची यशोदा पाटावर बसलेली तेव्हा हसत होती, खरंच हसत होती, का ते तुमालाच म्हाईत. तर त्या दिवशी शेगडीपाशी माझ्या नातीचा चेहरा जो होता ना, तसा मी मांडवात बघितला असेल तर हाताच्या बोटावर. आन तुमचा दिपेश बघायला आला, पोहे खाल्ले, तेव्हा पन चेहरा बघितला मी. चांगला होता. नाय, खरंच वाईट नव्हता. पोह्यांत मीठ बरोबर पडलं की मानसाचा होतो तसा.

तोंड का पाडता? पोरगा चांगलाच हाय तुमचा. तुमच्यावर गेला नाय ही त्याची कमाई. चांगला नसता तर मी तुमची पायरी चढली असती का? परवा इथं बसला तेव्हा सुद्धा किती मर्यादेने — काय? परवा? परवा कोन? छे. मी आपली… परवा नाय हो, त्या दिवशी, पोह्यांच्या. चहा घ्या. बिस्किट देऊ? …तुमी असे टक लावून बघू नका, मला तो डोळा म्हाईत हाय, भाडेकरू बाहेर काढायच्या आधीचा डोळा हाय तो.

बरं. आला होता. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. आला होता दिपेश, एकटाच, ती बुलेट पार नाक्यावर लावून, आवाज नको म्हनून. तुमी बसलात तिथंच बसला, गुडघा हलवत. बोलला, ‘आजी, तिला जाऊ द्या. मी थांबतो.’ मी बोलली, तीन वर्षं? बोलला, ‘तीन नाही तर चार. आणि तिकडे जाऊन तिला नकोच वाटलं तर नको. पण माझ्यामुळे राहिली असं नको.’ मी विचारलं, तुला कळलं का रे ती काय शिकते? बोलला, ‘नाही. ते दोन पाण्यांचं तिने सांगितलं, मला काहीच कळलं नाही. पण ती सांगत होती तेवढा वेळ मी मोबाइल बघितला नाही.’ तुमचा पोरगा, शेठ! मोबाइल नाय बघितला! मंग जाताना हात धरला माझा आन बोलला, ‘बाबांना नका सांगू मी आलेलो. मी सांगतो त्यांना.’ कधी सांगनार? बोलला, ‘सांगतो.’ बाप गाळ्याला टाइल्स लावतोय, बोर्डाला लाइट लावतोय, आन पोरगा बापाशी बोलायला घाबरून परक्या म्हातारीकडे येतो.

नाय सांगितलं उन्नतीला. नाय. का म्हंजे? मी त्याला काय बोलली म्हाईत हाय? बोलली, वेडा हायस, असं कोन थांबतं का, जा घरी, नीट लगीन कर. पाठवून दिला. आन तिला कायसुद्धा बोलली नाय. ती रोज संध्याकाळी येते, माझ्याकडे बघते, मी भांडी घासते. तुमाला काय वाटतं, मी तुमच्या गाळ्यावर हसते म्हंजे मला गाळा नको हाय? मला पायजे हाय तो गाळा! आठवीची पोरं, बारावीची पोरं, चालेल मला. तिने जन्मभर त्यांना बाष्पीभवन शिकवलं तरी चालेल. दुपारी मी डबा घेऊन जाईन, शटरच्या बाजूला स्टूल टाकून बसेन, ती दिसेल. तिची आई गेली तेव्हापासून ही माझ्या कुशीत झोपलेली हाय, शेठ. माझा मुलगा कंपनीतून येतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो, त्याचा काय दोष, दमतो. धवले आता कोनाला नको हायत. मी दिवसभर बोलते ते कोनाशी? तिच्याशी. आन ती माझ्याशी बोलते ते पान्याचं. मला निम्मं कळत नाय तरी ऐकते, कारन ती सांगते. फिनलंडला गेल्यावर हे मला कोन सांगनार — तुमी?

मी तुमाला शब्द दिला तो तुमच्या पोरासाठी नाय आन तिच्यासाठी पन नाय. माझ्यासाठी दिला. झालं समाधान? आता बोला की काय ते. इतका वेळ घसा खाकरताय.

थांबा. फोन वाजतो. कुठं ठेवला मी… तिचाच हाय. हा हिरवा ना? — हॅलो? हां, बोल बाय. …नाय ग, आवाजाला काय झालंय, बोलत होती जरा. …कोन नाय. म्हंजे शिवाशेठ आलेत. …गाळ्याचा फोटो दाखवायला. …नाय, भांडत नाय, चहा पाजला. …ऐक. तू कळवलंस का त्या मानसांना? …नाय ना? कोनासाठी थांबलीस? …माझ्यासाठी. हं. — उन्नती, मला विचारू नको. आज मला काय विचारायचंच नाय. मी विचारते, तू सांग. तुला जायचंय का? …दिपेशचं सोड, तो इथं आलेला, तो काय बोलला ते घरी आलीस की सांगते, सगळं सांगते, चांगलंच बोलला. तू तुझं सांग. …आजीचं काय होईल ते आजी बघेल. जायचंय का? …ऐकू येत नाय, गाड्यांचा आवाज येतो. मोठ्याने बोल. …परत बोल. …हां. आता ऐकलं. — रडतेस कशाला मंग? …बरं. बरं. कळव तर. आत्ता, तिथंच उभी राहून कळव, बस येऊ दे नायतर जाऊ दे. …हो. …हो ग. मी हाय इथंच. ठेव.

बंद कसा करतात हा… झाला.

शिवा. बसलास काय असा? ऐकलंस ना सगळं? घरी जा. दिपेश असेल घरी, त्याला समोर बसव आन त्याला बोलू दे, तू तोंड उघडू नको, तुझ्या बापाची शपथ घालते. तो काय बोलेल ते बोलेल, थांबतो बोलला तर थांबू दे, नाय बोलला तर तुझी रांग हाय उभी. आन शब्द मोडला काशीने, असं गावात सांगायचं असेल तर खुशाल सांग, मीच मोडलाय.

नाय, मला काय नको. पानी नको. मी ठीक हाय. तू जा, आन जाताना दार ओढून घे. मला आता बोलायचं नाय.